गोष्ट कोणाच्या घरची?

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल देहूरोड आणि बेगडेवाडी ही स्थानके मागे टाकून तळेगावात शिरण्यापूर्वी ज्या लहानशा स्थानकावर क्षणभर विसावते, त्या घोरावाडीचे नाव नेहमीच्या प्रवाशांखेरीज फारसे कोणाच्या तोंडी नाही. आणि ज्यांच्या तोंडी आहे त्यांनाही ते बहुधा जवळच्या घोराडेश्वराच्या डोंगरामुळेच ठाऊक असते. या डोंगरातील लेणी विद्वान मंडळी शेलारवाडीची लेणी म्हणून ओळखतात. त्यांतील एका ब्राह्मी लेखात, धेनुकाकट येथे राहणाऱ्या एका नांगर धरणाऱ्या कुणब्याच्या बायकोने आपला मुलगा नंद याच्यासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. राजांच्या सनदा आणि श्रेष्ठींच्या देणग्या यांनीच पाषाण भरून टाकण्याच्या त्या काळात एका शेतकऱ्याच्या बायकोला आणि तिच्या मुलाला या कातळावर जागा मिळाली, ही गोष्ट मला मोठी विलक्षण वाटते. कारण मराठीत मुलांसाठी पुस्तके छापली जाऊ लागल्यानंतर त्या पुस्तकांच्या पानांवर अशा घरचा मुलगा यायला शतकाहून अधिक काळ जावा लागला, आणि मुलगी यायला त्याहूनही अधिक.

आज घोरावाडीच्या आसपास वाढणारी मुले कोणती, याचा नुसता अंदाज घेतला तरी प्रश्नाचा आवाका ध्यानात येतो. इंद्रायणी तांदळाची भातखाचरे राखणाऱ्या मावळी शेतकऱ्यांची मुले आहेत. पावसाळा सरला की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारी कातकरी मुले आहेत. देहूरोडच्या लष्करी कोठारांच्या आश्रयाने पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या तमिळ-तेलुगू घरांतील, घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी बोलणारी मुले आहेत. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत पोटासाठी आलेल्या मराठवाड्यातील आणि बिहार-उत्तर प्रदेशातील मजुरांची मुले आहेत. आणि मुंबई-पुण्याच्या गर्दीला कंटाळून येथे सदनिका घेतलेल्या सुशिक्षितांची, इंग्रजी माध्यमाच्या बसमधून जाणारी मुलेही आहेत. या सर्वांनी वाचावे काय, असे कोणी विचारले, तर आपण सहजगत्या चार-पाच जुनी, प्रिय आणि खरोखरच उत्तम नावे सांगून मोकळे होतो. ती नावे सांगताना आपल्या डोळ्यांपुढे समोरचे मूल क्वचितच असते. बहुधा आपण स्वतः ज्या वयात, ज्या घरात आणि ज्या आळीत ती वाचली, ते आपलेच बालपण असते. मुलांच्या पुस्तकांच्या बहुतेक शिफारशी अशा प्रकारे शिफारस करणाराने स्वतःच्याच नावे पाठविलेल्या असतात, असे माझे मत आहे.

मराठी बालवाङ्मयाचा प्रारंभ मात्र या दृष्टीने मोठा शुभसूचक होता. मराठीत मुलांसाठी छापलेले पहिले पुस्तक म्हणून ज्याचा निर्देश होतो, ते ‘बालबोध मुक्तावली’ इ. स. १८०६ मध्ये पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे, तर तंजावरास, सरफोजी राजांच्या आश्रयाने सिद्ध झाले. सख्खण पंडितांनी ते रचले आणि त्यातील कथा होत्या इसापाच्या. ग्रीक परंपरेतल्या गोष्टी, तमिळ मुलुखातला छापखाना आणि मराठी राजाचे औदार्य असा हा त्रिवेणी संगम होता! पुढे बापू छत्रे यांनी इसापनीती मराठी मुलांच्या घराघरांत नेली. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मासिक काढून आपल्या मृत्यूपर्यंत ते बहुतांशी एकहाती चालविले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ निघाले. या मंडळींच्या उद्योगाविषयी कृतज्ञता बाळगूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे, की त्यांच्या डोळ्यांपुढचा वाचक हा शाळेची पायरी चढलेला, म्हणजे त्या काळच्या वहिवाटीप्रमाणे बहुशः शहरातला, पांढरपेशा घरातला मुलगा होता, आणि त्यामुळे गोष्टीतील ओसरी, पंगत, मुंज, मामाचा गाव हे सारे त्याच घरचे होते. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. वर्गणीदारांच्या यादीकडे पाहून मासिक चालवावे लागते. परंतु वर्गणीदारांची यादी बदलल्यावरही पुष्कळ काळ ती ओसरी तशीच राहिली, हा दोष मात्र इतिहासाच्या खात्यावर ढकलता येणार नाही.

ही ओसरी पहिल्यांदा कोणी ओलांडली याबद्दल वाद घालता येईल. पण ती ओलांडताना मौज कशी करावी हे भा. रा. भागवतांनी दाखविले याबद्दल मला शंका नाही. त्यांचा बनेश फेणे, ज्याला सारा महाराष्ट्र ‘फास्टर फेणे’ म्हणून ओळखतो, हा फुरसुंगीचा. आज पुणे शहर फुरसुंगीपर्यंत पोचले आहे, पण भागवतांनी तो निर्माण केला तेव्हा फुरसुंगी हे हवेली तालुक्यातले एक खेडेगाव होते. आणि त्या खेड्यातून पुण्याच्या शाळेत आलेला हा हाडकुळा, सायकलवेडा पोरगा शहरी सवंगड्यांच्या दयेवर जगत नाही, त्यांचे नेतृत्व करतो. ग्रामीण मुलाचे दैन्य सांगावे, त्याच्या कष्टांकडे वाचकाचे लक्ष वेधावे, असा कसलाही हेतू भागवतांच्या मनात दिसत नाही. फुरसुंगीच्या मुलालाही साहस करण्याचा, चुका करण्याचा आणि चोरांच्या मागे धावण्याचा अधिकार आहे, एवढेच त्यांनी गृहीत धरले, आणि या गृहीतावर वीसेक पुस्तके उभी केली.

मुलांच्या वाचनातील विविधता म्हणून आज जिचा पुष्कळ उच्चार होतो, तिची कसोटी माझ्या मते येथेच लागते. पुस्तकात खेड्यातले, गरीब, अन्यधर्मीय, अपंग किंवा वन्य जमातीतले मूल आहे की नाही, एवढे पाहून भागत नाही. त्या मुलाला पुस्तकात खोड्या काढता येतात काय? त्याला खोटे बोलता येते, रुसता येते, हरता येते आणि कोणाच्याही उपदेशाशिवाय पुन्हा उभे राहता येते काय? की ते केवळ सुखवस्तू नायकाच्या अंतःकरणात कणव उत्पन्न करण्यासाठी दुसऱ्या प्रकरणात येते आणि चौथ्या प्रकरणात, जुना सदरा आणि खाऊचा पुडा स्वीकारून, निघून जाते? दुसऱ्या जातीच्या पुस्तकांना बक्षिसे पुष्कळ मिळतात. मुले ती वाचत नाहीत.

ही अडचण केवळ आपलीच आहे असे नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक या विदुषीने ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याच्या आरंभी त्यांनी पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीचा प्रश्न दिला आहे. पुस्तकातील चित्रे पाहून तिने विचारले होते, की ही मुले नेहमी गोरीच का असतात? लॅरिकबाईंनी मग मागील तीन वर्षांत तिकडे प्रसिद्ध झालेल्या ५२०६ बालपुस्तकांची झडती घेतली, तेव्हा कृष्णवर्णीय व्यक्तीचा कोठे तरी समावेश असलेली पुस्तके निघाली अवघी ३४९. आपल्याकडे असा हिशेब कोणी मांडल्यास, आणि त्यात जात, धर्म, प्रदेश आणि घरचा धंदा असे रकाने पाडल्यास, काय निष्पन्न होईल याची कल्पना करणे कठीण नाही. पण त्या लेखाच्या आधीच, १९६२ साली, एझ्रा जॅक कीट्स या चित्रकाराने ‘द स्नोई डे’ हे पुस्तक काढले होते, आणि ते मला लॅरिकबाईंच्या आकड्यांहूनही महत्त्वाचे वाटते. त्यातील पीटर हा लहानगा कृष्णवर्णीय आहे, एवढेच चित्रांत दिसते. गोष्टीत त्याचा उल्लेखही नाही. रात्री बर्फ पडले, पोरगा लाल कपडे घालून बाहेर गेला, बर्फात खेळला आणि घरी आला, यापलीकडे त्या पुस्तकात काही घडत नाही. तिकडचे सर्वोच्च चित्रपुस्तक-पारितोषिक, कॅल्डेकॉट पदक, पुढल्या वर्षी त्याला मिळाले. कीट्स स्वतः कृष्णवर्णीय नव्हता. पोलंडातून आलेल्या यहुदी आईबापांचा तो मुलगा होता. तेव्हा दुसऱ्याच्या मुलाविषयी कोणी लिहावे, हा जो वाद अधूनमधून पेटतो, त्याचे उत्तर सरसकट हुकूम काढून देता येत नाही.

मावळात तर या वादाला एक घरचाच दाखला आहे. गो. नी. दांडेकरांचा जन्म परतवाड्याचा, म्हणजे थेट विदर्भातला. तेराव्या वर्षी घर सोडून स्वातंत्र्यचळवळीत उडी घेतलेला हा मनुष्य देशभर भटकून अखेर तळेगाव दाभाड्यास स्थिरावला, आणि पायांखाली तुडविलेल्या मावळातून त्याने ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या कादंबऱ्या उचलल्या. एक तुंगच्या परिसरातली, दुसरी राजमाचीवरली. या कादंबऱ्या मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत हे खरे; पण तेरा-चौदा वर्षांच्या मावळी मुलाच्या हाती त्या दिल्यास, आपल्या आजाच्या तोंडची भाषा छापील पुस्तकात भेटू शकते, आणि तिच्यासाठी शिक्षक लाल शाईची रेघ मारीत नाही, ही जाणीव त्याला होईल. ही जाणीव त्या वयात फार मोलाची आहे. ज्या मुलाने आपले बोलणे कधी छापलेले पाहिले नाही, ते मूल आपले बोलणे अशुद्ध आहे असे मानून शाळेत गप्प बसते, हे मावळातल्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेतील गुरुजी सांगू शकतील.

तथापि सर्व काही पायी हिंडून मिळते असेही नाही. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत सांगितलेला १९०१ सालचा प्रसंग घ्या. नऊ वर्षांच्या सुमाराचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघून वडिलांना भेटायला गोरेगावास जाण्यासाठी मसूर स्थानकावर उतरतात. अंगात नवे कपडे, डोक्यावर भरजरी टोप्या, आयुष्यातला पहिलाच आगगाडीचा प्रवास. पत्र वेळेवर न पोचल्यामुळे न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर आधी आस्थेने चौकशी करतात, आणि ही मुले महारांची आहेत असे उत्तर येताच त्यांचा चेहरा पालटतो. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे, असा तोडगा निघाला. आणि जवळ शिधा असूनही पाणी न मिळाल्यामुळे ती पोरे रात्रभर उपाशी राहिली. ही कथा मसूरच्या फलाटावर उभे न राहिलेल्या कोणाला तशी लिहिता आली असती काय? मला वाटत नाही. ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ते घोरावाडीपासून अवघ्या दोन स्थानकांवर आहे. पण त्या स्थानकावरून रोज शाळेत जाणाऱ्या किती मुलांना मसूरच्या स्थानकाची गोष्ट कोणी सांगितली असेल?

अशी दुःखद कथा मुलांना किती लवकर द्यावी, असा प्रश्न पालक भीतभीत विचारतात. विचारणारे पालक बहुधा ज्यांच्या घरी ते दुःख कधी आले नाही त्यांतले असतात. ज्यांच्या घरी आले, त्यांची मुले ते पुस्तकाआधीच शिकलेली असतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला वरील प्रसंग निःसंकोच वाचून दाखवावा, कारण त्यात भीमराव हा दीन बळी म्हणून येत नाही. नव्या टोपीचा अभिमान बाळगणारा, वडिलांच्या भेटीसाठी उतावीळ झालेला एक मुलगा म्हणून येतो, आणि म्हणूनच त्याचा अपमान कोणत्याही जातीच्या मुलाला स्वतःचा वाटतो. त्याचबरोबर १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आलेला मुक्ता साळवे हिचा निबंधही द्यावा. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी धर्माला आणि समाजाला उभे-आडवे प्रश्न विचारले, ते विद्यार्थिनी असतानाच. विद्यार्थ्याने लिहिलेले मराठी गद्य म्हणून आपण आजही पोरांकडून पावसाळ्याचे वर्णन घोटून घेतो, त्या आपल्याला हा निबंध थोडा अडचणीत आणील. आणले तर बरेच होईल.

अलीकडच्या काळातील दोन पुस्तके मावळातल्या मुलांसाठी मी विशेष आग्रहाने सुचवीन. ल. म. कडू यांचे ‘खारीच्या वाटा’ हे पुस्तक, ज्याला २०१७ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभला, धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातील बालपणाची कहाणी सांगते. मावळात वळवण, शिरोता, ठोकळवाडी, पवना अशी एकामागून एक धरणे झाली. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला. आजही अनेक घरांतल्या आज्या पाण्याकडे बोट दाखवून आमचे गाव तेथे होते असे सांगतात. पवना धरणावर रविवारी सहलीला येणाऱ्या मुलाने आणि त्या पाण्याखालच्या गावाच्या नातवाने हे एकच पुस्तक वाचले, तर त्या दोघांत काही बोलणे होण्याचा संभव आहे. दुसरे पुस्तक सलीम सरदार मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’. त्यांना हाच पुरस्कार २०१९ मध्ये मिळाला. मुल्ला हे वनखात्यातले. मराठीत मुसलमान लेखकाने मुलांसाठी लिहिले म्हणजे ते मुसलमानांविषयीच असले पाहिजे, असा एक अलिखित संकेत आपण करून ठेवला आहे. हा लेखक जंगलाविषयी लिहितो, कारण त्याला जंगल ठाऊक आहे. विविधतेची ही बाजू यादी करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

भाषेच्या बाबतीत तर आपण अधिकच कृपण आहोत. प्रकाश नारायण संतांचा लंपन हा बेळगावकडच्या सीमाभागात, आजी-आजोबांजवळ वाढणारा मुलगा. त्याच्या मराठीत कानडीचा वास इतका सहज मिसळलेला आहे, की शुद्धलेखनाच्या कचेरीत त्याला नक्कीच अटकाव झाला असता. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही चार पुस्तके प्रौढांसाठी म्हणून छापली गेली. पण आठवी-नववीतील मुलाला त्यांतील निवडक कथा देऊन पाहाव्या. देहूरोडच्या ज्या मुलीच्या मराठीला घरच्या तमिळचा हेल आहे आणि त्यावरून वर्गात जिची चेष्टा होते, तिला लंपनच्या सोबतीचा उपयोग कोणत्याही बोधपर पाठापेक्षा अधिक होईल.

दूरदेशीच्या मुलांची ओळख मराठी मुलांना एके काळी अगदी अनपेक्षित मार्गाने झाली. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनसंस्थांनी मराठीत छापलेली, लोकवाङ्मय गृहाने जागोजागी विकलेली ती देखणी आणि नाममात्र किमतीची पुस्तके साठीच्या आसपास पोचलेल्या कित्येक वाचकांच्या स्मरणात असतील. त्यांमागे राजकारण होते हे उघडच आहे. परंतु विदर्भातल्या उन्हात बसून सायबेरियातील हिवाळा अनुभवणाऱ्या पोराला त्याचे सोयरसुतक नव्हते. सोव्हिएत राज्य बरखास्त झाले आणि ती पुस्तके येईनाशी झाली. त्यांची जागा काही अंशी तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’ने घेतली, चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला आणि नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला तिचा मराठी अनुवाद आज सहज मिळतो. पोलिओने हातपाय अधू झालेल्या आपल्या मित्राला झाडावर चढविण्यासाठी तोत्तोचान जो खटाटोप करते, ते प्रकरण अपंग मुलाविषयी कसे लिहावे याचा उत्कृष्ट नमुना आहे: दोन्ही पोरे घामाघूम होतात, घरच्यांना पत्ता नसतो, आणि कोणीही कोणावर उपकार करीत नाही.

मुलींच्या आणि कुमारवयीनांच्या वाचनाची स्थिती याहून बिकट. बारा ते सोळा हे वय मराठी प्रकाशकांनी जणू काही निर्जन प्रांत समजून सोडून दिले आहे, आणि त्यामुळे आपली मुले फास्टर फेण्यावरून एकदम ‘स्वामी’वर आणि तेथून ‘मृत्युंजय’वर उड्या मारतात. इतिहासाविषयी माझी तक्रार नाही. पण चौदाव्या वर्षीच्या माणसाला पेशव्यांच्या दुःखाखेरीज स्वतःचीही काही दुःखे असतात. शान्ता शेळके यांनी लुइझा ऑल्कॉटच्या कादंबरीवरून केलेली ‘चौघीजणी’ ही अनेक पिढ्यांच्या मुलींची सोबतीण झाली; तिच्याबरोबर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ द्यावी, आणि ती मुलांनाही द्यावी. मोठ्या मनाची, विनोदी, जातीपातीची आणि धर्माची सारी कुंपणे एकेक करून ओलांडणारी अशी नायिका इंग्रजीत असती, तर तिची सचित्र कुमार-आवृत्ती दरवर्षी निघाली असती. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ हीसुद्धा आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाची गोष्ट. त्यातील कोवळे प्रेम पाहून पालक बिचकतात आणि पुस्तक कपाटात वर ठेवतात. मूल खुर्ची घेऊन ते काढते. तेव्हा ते खालीच ठेवलेले बरे.

अगदी लहानांच्या बाबतीत माधुरी पुरंदरे यांनी एकहाती केलेले काम पाहावे. ‘राधाचं घर’, यशच्या गोष्टी, ‘बाबांच्या मिश्या’ यांतून मोठे प्रसंग घडत नाहीत. घरात जे रोज घडते तेच घडते, पण ते मुलाच्या उंचीवरून दिसते, आणि चित्रेही त्यांचीच असल्यामुळे शब्द जे सांगत नाहीत ते चित्र सांगून जाते. तिसरी-चौथीनंतर त्यांनीच संपादिलेले ‘वाचू आनंदे’चे भाग द्यावेत. त्यांत संतकवितेपासून आजच्या गद्यापर्यंत मराठीच्या नाना परींचे नमुने चित्रकलेच्या शेजारी मांडलेले आहेत.

आता हे सारे मिळवावे कोठून, हा व्यवहाराचा भाग. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, आणि त्या कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत बसविलेली व सरकारी अनुदान घेणारी वाचनालये तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांत बालविभाग मागावा, आणि नसल्यास लेखी अर्ज करावा. पुष्कळ शाळांतून पुस्तके येतात, दाखल होतात आणि कुलपात बसतात, कारण पान फाटल्यास भरपाई कोणाच्या पगारातून व्हायची याची शिक्षकाला धास्ती असते. ही धास्ती खरी आहे आणि ती उपदेशाने जाणार नाही. दर वर्षी अमुक इतकी पुस्तके झिजून बाद होणारच, असे संस्थाचालकांनी ठरावात लिहून दिले, तरच किल्ली फिरेल. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात, आणि एकाच अंकात कोकणातली, खानदेशातली आणि परदेशातली गोष्ट शेजारी-शेजारी मिळण्याची सोय त्याइतकी क्वचितच कोठे असेल. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर आणि अरविंद गुप्ता यांनी जमविलेल्या अफाट संग्रहातही मराठी पुस्तके मोफत आहेत. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशा मुलांसाठी, मोठ्या माणसांचे असले तरी, स्वागत थोरात यांनी २००८ च्या फेब्रुवारीत सुरू केलेले ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक आहे, हे शिक्षकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

निवड करताना एक पथ्य पाळावे. घोरावाडीच्या कातकरी मुलीला कातकऱ्यांची गोष्ट आणि सदनिकेतल्या मुलाला सदनिकेतली गोष्ट, अशी जातवार वाटणी करू नये. तसे केले तर आपण गावाच्या वेशी नव्याने आखल्यासारखे होईल. तिला बर्फातला पीटर द्यावा, त्याला धरणाखालचे गाव द्यावे, आणि दोघांनाही फास्टर फेणे. तीन पाने वाचून कोणी पुस्तक परत आणले, तर कारण न विचारता दुसरे द्यावे. वाचता न येणाऱ्यास मोठ्याने वाचून दाखवावे, आणि जमल्यास करूनही दाखवावे: पालघर जिल्ह्यात ‘क्वेस्ट’ या संस्थेचे नट ‘गोष्टरंग’ या नावाने आश्रमशाळांतून बालपुस्तकांचे प्रयोग करतात, आणि तेथील मुलांना त्या गोष्टी पुस्तकाआधी रंगमंचावर भेटतात.

राहता राहिली ती पुस्तके, जी अजून लिहिलीच गेली नाहीत. वीटभट्टीवरच्या कातकरी मुलीने आपल्या दिवसाविषयी स्वतः सांगितलेली, देहूरोडच्या तमिळ घरातील मराठी बोलणाऱ्या आजीची, बिहारहून आलेल्या आणि पहिल्यांदाच मावळातला पाऊस पाहणाऱ्या पोराची अशी पुस्तके मला कोठल्याही दुकानात दाखविता येणार नाहीत. त्यांची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. मराठी शाळांत हस्तलिखित काढण्याची जुनी परंपरा आहे. अनेक नामवंत लेखकांचे पहिले लेखन अशा हस्तलिखितातच झाले. दरवर्षी त्यासाठी ‘माझा आवडता ऋतू’ असा विषय देण्याऐवजी ‘आमच्या घरी काल काय झाले’ असा द्यावा. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि दुसऱ्याने त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे, भाषा दुरुस्त न करता. मग त्या वह्यांना पुठ्ठा घालून, ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत विकत आणलेल्या पुस्तकांप्रमाणेच क्रमांक द्यावा, लेखकाच्या रकान्यात त्या मुलीचे पूर्ण नाव लिहावे, आणि ती वही इतर पुस्तकांबरोबर घरी न्यायला द्यावी.